दारापासून स्वयंपाकघरापर्यंत आणि परत

माझा धंदा सांगितला की बनारसमध्ये लोक आधी हसत. "बोलना सिखाती हैं? यहाँ?" खरंच आहे म्हणा. ज्या गावात माणूस पानवाल्यापुढे उभा राहून देशाचं राजकारण निकालात काढल्याशिवाय चुना जास्त की कमी हे सांगत नाही, तिथे बोलायला शिकवणारी बाई कशाला हवी? पण हवी असते हो. त्याच माणसाला एक दिवस लकवा मारतो आणि बायकोकडे पाणी मागता येत नाही. तेव्हा त्याला रिक्षात घालून माझ्याकडे आणत.

माझ्या खोलीच्या दारावर 'स्पीच थेरपिस्ट' अशी पाटी होती. ती कुणी वाचली असेल असं मला वाटत नाही. आमच्या सरकारी इस्पितळातले वॉर्डबॉय "बोलीवाली बहनजी के यहाँ ले जाओ" म्हणून पेशंट पाठवत. निवृत्तीच्या दिवशी हारासोबत जो पेढ्यांचा डबा दिला, त्यावरसुद्धा 'बोलीवाली बहनजी' असंच लिहिलेलं होतं. मी ते नाव आजही मिरवते.

काम काय ते आधी सांगते, म्हणजे पुढचं कळेल. मेंदूत डाव्या बाजूला रक्त अडलं की उजवा हात-पाय जातो, आणि पुष्कळदा बोलणंही जातं. बोलणं जातं म्हणजे जीभ जात नाही, आणि अक्कल तर मुळीच जात नाही. समोर पेला दिसतो, तो पेला आहे हे माहीत असतं, फक्त 'पेला' हा शब्द हाती लागत नाही. नातेवाईक मात्र घाबरून जातात. एक तर पेशंटच्या कानाशी ओरडायला लागतात, नाहीतर लहान बाळाशी बोलावं तसं बोलतात. मी दारातूनच खेकसायची, "अहो, ते बहिरे नाहीत आणि कुक्कुलं बाळही नाहीत! नीट बोला त्यांच्याशी." आणि पेशंटला विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर जो नातेवाईक देईल त्याला मी सरळ बाहेर बसवायची. माझी ख्याती काही फार गोड नव्हती.

आता यातली गंमत अशी, की विचार करून बोलायचे शब्द जातात, पण सवयीनं आपोआप येणारे शब्द पुष्कळदा शाबूत राहतात. एक, दोन, तीन, चार. रविवार, सोमवार. आरत्या. आणि शिव्या! माझ्याकडे एक नावाडी होता, त्याला आपल्या मुलाचं नाव येत नव्हतं, पण शिवी अशी खणखणीत यायची की बाहेर रांगेत बसलेल्या बायका कानांवर हात ठेवत. त्याची बायको रडायची. मी तिला म्हटलं, "रो क्यों रही हो? आवाज तो पूरी बची है!" पुढे त्याच शिवीच्या धाग्याला धरून आम्ही एकेक शब्द ओढून काढले. मुलाचं नाव आलं, पण शेवटपर्यंत शिवीच्या मागूनच आलं. मुलाची काही तक्रार नव्हती.

दुसरे एक रेल्वेतले गार्ड. त्यांना स्टेशनं पाठ. गाव कोणतं म्हणून विचारलं की बनारसपासून सुरू करत, लोहता, चौखंडी, सेवापुरी, कपसेठी. कपसेठी हेच त्यांचं गाव. पण तिथे थांबता येत नसे. गाडी पुढे भदोहीपर्यंत सुटायची आणि ते हताश होऊन कपाळावर हात मारत. अशी ओळ एकदा सुरू झाली की पहिल्यापासून म्हणावी लागते आणि मधे उतरता येत नाही. मधल्याच शब्दाला हात घालायचा तर कसा घालायचा, हे कोडं मला नोकरीभर छळत राहिलं. ते सोडवायला मदत केली दूधविनायक मोहल्ल्यातल्या एका घरानं.

आम्ही रेल्वेवाले. वडील बदली होऊन इथे आले आणि इथलेच झाले. दूधविनायकातल्या जुन्या मराठी घरांशी आमचा संबंध हळदीकुंकवापुरता आणि गणपतीपुरता. तिथल्या वैदिक मंडळींचं वेद म्हणणं कानावर पडे, पण त्यातलं ओ की ठो कळत नसे. नाना तिथलेच, घनपाठी. सबंध आयुष्य म्हणण्यात आणि पोरांना म्हणायला शिकवण्यात गेलं. लकव्यानंतर त्यांची पत्नी, म्हणजे कुसुमकाकू, त्यांना घेऊन माझ्याकडे आल्या. चौकशीच्या खिडकीवरच्या माणसानं त्यांना सांगितलं होतं, "आप लोगों की भाषा वाली बहनजी हैं." नानांचं हिंदी पार गेलं होतं, मराठी अर्धंमुर्धं कळत होतं. बोलणं म्हणाल तर शून्य.

मी नेहमीप्रमाणे वारांपासून सुरुवात केली. "नाना, माझ्यामागून म्हणा. रविवार..."

नानांनी डोळे मिटले. ताठ बसले. आणि खर्जातल्या आवाजात सुरू केलं, "रविवार सोमवार, सोमवार रविवार, रविवार सोमवार. सोमवार मंगळवार, मंगळवार सोमवार, सोमवार मंगळवार."

मला वाईट वाटलं. असं अडकणं आमच्याकडे नेहमीचं असतं. माणूस एका शब्दावर रुततो आणि मागे-पुढे हेलकावे खात राहतो. मी त्यांच्या हातावर हात ठेवून म्हटलं, "असू दे नाना, थांबा." तर मागून खुसखुस ऐकू आली. बघते तो काकू पदर तोंडाला लावून हसतायत!

"अहो बाई, अडकले नाहीयेत ते. जटा म्हणतायत!"

आणि मग हसता हसता त्यांना रडू फुटलं, कारण नवऱ्याचा आवाज त्यांनी बऱ्याच दिवसांनी ऐकला होता. नाना मात्र शनिवारपर्यंत जाऊनच थांबले आणि माझ्याकडे असं बघितलं, की बाई, मधे बोलायचं नसतं.

मग काकूंनी मला समजावलं. त्या स्वतः कधी शिकल्या नव्हत्या, पण ते ऐकत ऐकतच त्यांच्या पोळ्या झाल्या होत्या. पूर्वी लिहून ठेवायची सोय नव्हती, तेव्हा शब्द इकडचा तिकडे होऊ नये म्हणून पाठ करायच्या तऱ्हा काढल्या. आधी सरळ म्हणायचं. मग शब्द सुटे करायचे. मग जोडीजोडीनं, पहिला-दुसरा, दुसरा-तिसरा, तिसरा-चौथा. याला क्रम म्हणतात. मग जटा, जोडी पुढे, मागे, पुन्हा पुढे, वेणीचे पेड घालावेत तशी. त्याच्या पुढे घन, तिथे मी काकूंपुढे हात जोडले. नानांच्या गुरुजींची पद्धत अशी, की पोराला आधी ही सगळी कवायत वारांवर करायला लावायची. ती घट्ट बसली की मगच मंत्र.

"आणि शेवटचा शब्द?" मी विचारलं. "त्याची पुढे जोडी कुणाशी?"

"त्याला एकट्याला नाही हो सोडत," काकू म्हणाल्या. "मधे 'इति' घालायचं आणि तोच शब्द परत म्हणायचा. आपणच आपला हात धरायचा."

माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. गार्डसाहेबांची स्टेशनं एकाच दोरीत ओवलेली होती, पहिल्यापासून ओढावी लागत. नानांचा प्रत्येक शब्द शेजाऱ्याचा हात धरून होता, मागच्याचाही आणि पुढच्याचाही. म्हणजे 'बुधवार' हवा असेल तर रविवारपासून निघायला नको, 'मंगळवार' म्हटलं की झालं. मी करून बघितलं. मी म्हटलं, "गुरुवार..." नाना म्हणाले, "बुधवार." उलटं! कौतुकानं मी खुर्चीवरून उठलेच.

पण म्हणणं म्हणजे बोलणं नव्हे. हे मला माहीत होतं, काकूंना माहीत नव्हतं. त्यांना वाटलं, आवाज आला, आता शब्दही येतील. त्या खुशीत असतानाच ते झालं.

एका सकाळी नाना न्हाणीघरात घसरून पडले. उठता येईना. हाक मारायची तर शब्द नाही. नेहमीचं "अगं" सुद्धा नको तेव्हा तोंडातून निघे आणि हवं तेव्हा रुसून बसे. जिवाच्या आकांतानं त्यांनी तोंड उघडलं, आणि बाहेर पडला तो पाठ. खणखणीत, एकही स्वर न चुकता. स्वयंपाकघरात काकू पोळ्या लाटत होत्या. त्यांनी ऐकलं आणि त्यांना वाटलं, वा, आज किती छान म्हणतायत! त्या आनंदात लाटत राहिल्या. सगळ्या पोळ्या झाल्या तेव्हा पाणी तापलंय म्हणून सांगायला गेल्या, तर नाना ओल्या फरशीवर पडलेले, थंडीनं काकडत, आणि अजून म्हणतच होते.

हाड मोडलं नाही हे नशीब. पण काकू मला हे सांगताना गदागदा हलत होत्या. "बाई, ते मला बोलवत होते आणि मी मान डोलवत होते हो. मान डोलवत होते मी!" मला धंद्यातली सगळी समजुतीची वाक्यं पाठ आहेत. त्यातलं एकही त्या दिवशी उपयोगी पडलं नाही.

मुलगा श्रीधर पुण्याला बँकेत. तो धावत आला आणि मलाही घरी बोलावून घेतलं. वाईट मुलगा नव्हे, चांगला, म्हणूनच त्याचं बोलणं खोडता येईना. "आई, बाबा पडले तरी तुला कळलं नाही. उद्या आणखी काही झालं तर? माझ्याकडे चला दोघं." नानांनी डाव्या हातानं आपलं बसायचं लाकडी तखत बडवलं. काशीत जन्म काढलेल्या माणसाला शेवट काशीत व्हावा असं वाटतं, यात समजावण्यासारखं काही नाही. आणि नानांची तर सगळी बैठक इथे. विद्यार्थी येऊन पायाशी बसून म्हणत, शिंदे घाटावरची जुनी मंडळी संध्याकाळी डोकावून जात. पुण्याच्या फ्लॅटमध्ये ते टीव्हीसमोर बसले असते. शेवटी श्रीधर माझ्याकडे वळून म्हणाला, "मॅडम, मी दिवाळीला येईन. बाबांना आईला हाक मारता आली तर राहू देत. नाहीतर मी तिकिटं काढूनच येतो."

आता आली का पंचाईत! एक शब्द. एक हाक. ती दिवाळीच्या आत यायला हवी.

मी इस्पितळातून सुटले की त्यांच्या घरी जाऊ लागले. शब्द शिकवायचे ते त्यांच्या घरातलेच आणि घरातल्याच क्रमानं, असं ठरवलं. दारातून आत येताना जे लागतं ते. आधी दार. मग दालान. दालानात तखत. तखतावर पंचा. पंच्याशेजारी पाण्याचा तांब्या. आणि आत स्वयंपाकघराकडून येणारा चहा.

"आणि शेवटी तुम्ही," मी काकूंना म्हटलं.

"मी कशाला?" काकू लाजल्या. "त्यांनी जन्मात कधी नाव नाही घेतलं माझं. 'अगं', नाहीतर 'ऐकलंस का'."

"ते दोन्ही आता हवं तेव्हा येत नाहीत. नाव नवीन आहे, ते शिकता येईल. आणि पहिली घालू तुम्हाला?"

"छे छे! मी शेवटीच. जेवायला शेवटी बसते, इथेही शेवटी."

नाना क्रम लागल्याबरोबर खुलले. त्यांचीच विद्या होती ती. मी वस्तूवर हात ठेवायची, ते म्हणत. "दार दालान, दालान तखत, तखत पंचा, पंचा तांब्या, तांब्या चहा." आणि तिथे येऊन काकूंकडे बघत. मोठा श्वास घेत. "चहा कुसुम. कुसुम इति कुसुम."

पहिल्यांदा ते म्हटलं तेव्हा काकू उठून आत गेल्या आणि बराच वेळ भांड्यांचा आवाज करत राहिल्या. नाना माझ्याकडे बघून डाव्या गालानं हसले. लबाड म्हातारा!

पण माझं समाधान होईना. पडलेला माणूस दारापासून निघून कुसुमपर्यंत कधी पोचणार? चहापाशी श्वास संपला म्हणजे? काकू शेवटी बसल्या होत्या ना! आणि मग मला माझाच मूर्खपणा दिसला. अहो, समोर जटा म्हणणारा माणूस बसलाय आणि मी त्याला एकाच दिशेनं चालवतेय! उलट फिरवलं की शेवटची बाई पहिली येते.

"नाना," मी म्हटलं, "आता स्वयंपाकघरातून दाराकडे."

त्यांनी डोळे मिटले, मनातल्या मनात घर उलटं चालून पाहिलं असावं, आणि सुरू केलं. "कुसुम चहा, चहा तांब्या, तांब्या पंचा, पंचा तखत, तखत दालान, दालान दार."

तेव्हापासून आम्ही उलटंच घोकलं. पाय घसरल्याचं सोंग करून, अंगावर पाणी शिंपडून, काकूंना छतावर पाठवून. हाक पहिल्या श्वासात यायला लागली. फक्त शेपूट तुटेना. कुसुम म्हटलं की मागोमाग चहा यायचाच, आणि चहाच्या मागून सगळं दालान. त्यात काकू इतक्या भाबड्या, की "कुसुम चहा" ऐकलं की खरंच चहा घेऊन येत. दिवसभर आधणच! "बाई, यांची साखर वाढली तर तुम्ही जबाबदार," असं मला बजावत आणि पुन्हा आधण ठेवत. त्यांना तो ओळीतला शब्द आहे हे कळत नव्हतं असं नाही. नवरा काहीतरी मागतोय, एवढ्यावरच त्या खूश होत्या.

दिवाळीला श्रीधर आला. त्याच्या शर्टाच्या खिशात तिकिटं होती. मी फराळाला गेले होते. नानांनी त्याच्यापुढे सगळं म्हणून दाखवलं, सुलटं आणि उलटं. श्रीधर ऐकून घेऊन म्हणाला, "छान आहे. पण मॅडम, हे पाठांतर झालं. हाक नाही झाली." तो बरोबर होता, आणि बरोबर असलेल्या माणसाचा जो राग येतो तो मला आला. मी चकली मोडून मोडून खात राहिले. काकू छतावर गेल्या, वाळत घातलेल्या वड्या बघायला. त्यांना रडायचं होतं, वड्यांचं निमित्त. श्रीधर मागच्या खोलीत बॅगा काढायला गेला. मी चुलीवरचं दूध बघायला उठले.

बनारसची माकडं तुम्हाला माहीत नसतील तर तुम्ही भाग्यवान. छतावरचं दार काकूंनी उघडं टाकलं होतं. जिन्यावरून एक मोठं, थोराड माकड उतरलं आणि सरळ तखतावर नानांसमोर जाऊन बसलं. चकल्यांच्या ताटाकडे त्याचं लक्षच नव्हतं. त्यानं हात लांब केला आणि नानांचा चष्मा काढून घेतला. नानांचा उजवा हात लुळा, डाव्यानं हाकलायला गेले तर ते दात विचकून अंगावर आलं. मी स्वयंपाकघराच्या दारातून बघत होते, हातात पळी, आणि माझीच वाचा बसली. इतकी वर्षं लोकांना बोलायला शिकवलं, आणि ऐन वेळेला तोंडातून 'हुश' निघेना!

"कुसुम!"

घर दणाणलं. मी पुढच्या शब्दाची वाट पाहिली, चहाची. चहा आला नाही. तांब्या नाही, पंचा नाही, काही नाही. एकच शब्द, आणि नाना थांबले. जन्मभर ओळी पुऱ्या करत आलेला माणूस एका शब्दावर थांबला होता, कारण त्याला फक्त तीच हवी होती.

काकू जिन्यावरून धडधडत खाली आल्या, हातात वड्यांचं सूप. त्यांनी ते सूपच माकडावर फेकलं. माकड चष्मा घेऊन पसार झालं, वड्या दालानभर उधळल्या, आणि काकू तखतापाशी उभ्या राहून धापा टाकत म्हणाल्या, "आले. काय हवंय?" जशी ही हाक त्या गेली चाळीस-पन्नास वर्षं रोज ऐकत होत्या.

श्रीधर मागच्या खोलीच्या दारात उभा होता. त्यानं खिशातून तिकिटं काढली, बघितली, आणि पुन्हा खिशात ठेवली. मग खाली बसून वड्या वेचायला लागला. मीही बसले.

सगळ्या गोष्टी अशा गोड झाल्या असं समजू नका. रामनगरच्या शाळेतल्या एक बाई माझ्याकडे यायच्या. त्यांचे मोजके शब्द परत आले आणि घरच्यांनी आणणं बंद केलं. "काम चल जाता है," म्हणाले. त्या बाई वर्गात दिवसभर बोलत असतील, आणि आता त्यांचं काम मोजक्या शब्दांत चालणार होतं. असे पुष्कळ. रात्री नाही, दिवसाढवळ्या, भाजी निवडताना आठवतात. नानांच्या विद्येसारखं काहीतरी प्रत्येकाकडे असणार, फक्त ते विचारायला मला वेळ मिळत नसे. बाहेर रांग असायची.

नाना काशीतच राहिले, आणि गेल्या थंडीत काशीतच गेले, स्वतःच्या तखतावर, काकू शेजारी असताना. मी दिवसवाराला गेले होते. परवा पुन्हा सहज गेले तर काकू तखतावर बसून श्रीधरशी व्हिडिओ कॉलवर बोलत होत्या. मोबाईल तांब्याला टेकवून ठेवलेला. मला खुणेनं बस म्हणाल्या.

"आई, आता तरी चल," तो म्हणत होता. "तिथे कोण आहे तुझं? एकटी कशी राहशील?"

पंचा अजून तखतावर घडी घालून ठेवलेला होता, त्यावरून काकूंनी हात फिरवला. मग मोबाईलकडे बघून, नानांसारखंच ताठ बसून, हळू आवाजात म्हणायला लागल्या, "दार दालान, दालान तखत, तखत पंचा, पंचा तांब्या, तांब्या चहा, चहा कुसुम."

तिथे त्या थांबल्या.

"कुसुम इति कुसुम," काकू म्हणाल्या. "बरं, ठेव आता. बाई आल्यात, चहा टाकायचाय."